वेग भरपूर, पान कोरे : दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या अध्यक्षांना खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष,
भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण (ट्राय),
नवी दिल्ली

विषय : घरगुती वायरलेस इंटरनेटवर ठरावीक वेबसाइट न उघडणे, त्याचे निदान आणि तक्रारीची नोंद

महोदय,

टॉवरवरून हवेतून घरात येणाऱ्या इंटरनेटचा बिघाड दोन तऱ्हांचा असतो. एका तऱ्हेत सगळेच ठप्प होते. राउटरवरचा दिवा लाल होतो, घरातले सगळे एकदम ओरडतात आणि कारण शोधायला फार डोके चालवावे लागत नाही : वीज गेली, वायर सुटली, रिचार्ज संपला किंवा टॉवर बंद पडला. दुसऱ्या तऱ्हेत यूट्यूब चालते, व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉल लागतो, वेग मोजणारे ॲप शंभर एमबीपीएसच्या पुढचा आकडा दाखवते. बँकेचे किंवा विद्यापीठाचे पान मात्र कोरे राहते आणि वर चक्र फिरत बसते. पहिल्या बिघाडाची तक्रार सहज नोंदली जाते. दुसऱ्याला बहुतेक तक्रार केंद्रांत स्वतःचा रकानाच नसतो. ती तक्रार ‘स्लो स्पीड’खाली टाकली जाते, वेग तपासला जातो, तो चांगला निघतो आणि ‘निराकरण झाले’ असा एसएमएस येतो. ग्राहक खोटे बोलत नसतो, वेगाचा आकडाही खोटा नसतो. पान किती वेगाने येते हे विचारण्याआधी ते कुठे अडते हे विचारायला हवे, आणि कंपन्यांना ते विचारायला लावण्याचे काम नियामकाचे आहे.

ही सेवा आता मूठभर घरांपुरती राहिलेली नाही. एअरटेलने ऑगस्ट २०२३ मध्ये दिल्ली आणि मुंबईत, तर जिओने त्याच वर्षी १९ सप्टेंबरला, गणेश चतुर्थीच्या दिवशी, मुंबई-पुण्यासह आठ शहरांत ५जीवरची घरगुती सेवा सुरू केली. दोघांच्याही नावात ‘एअरफायबर’ आहे. शेवटचा टप्पा अर्थातच फायबरचा नाही, हवेतला आहे. त्याच्या कितीतरी आधीपासून तालुक्याच्या गावांत स्थानिक इंटरनेटवाले पाच गिगाहर्ट्झच्या छोट्या डिश लावून गच्चीवरून गच्चीवर इंटरनेट देत आले आहेत. घरातली मांडणी थोड्याफार फरकाने सारखीच असते : गच्चीवर किंवा खिडकीबाहेर रिसीव्हर, तिथून खाली येणारी एक वायर, तिच्यातूनच रिसीव्हरला वीज पुरवणारा ॲडॉप्टर आणि टीव्हीशेजारी राउटर. पुढे टॉवर, कंपनीचे अंतर्गत नेटवर्क, पत्ते बदलणारी यंत्रणा, मग खुले इंटरनेट आणि शेवटी वेबसाइटचा सर्व्हर. पान उघडणे हेही एकच काम नसते. आधी वेबसाइटच्या नावावरून सर्व्हरचा पत्ता शोधला जातो, मग जोडणी होते, मग कुलपाच्या चिन्हामागची प्रमाणपत्रांची देवघेव होते आणि सगळ्यात शेवटी मजकूर येतो. काम कोणत्या टप्प्यावर थांबले याची खूण ब्राउझर बहुतेक वेळा देतो. ती वाचायची सवय ग्राहकाला नाही, आणि ज्यांनी वाचायची त्या तक्रार केंद्रांनाही नाही.

तपासणीची सुरुवात घराबाहेरून होते. वेबसाइट स्वतःच बंद आहे का? दहावी-बारावीचा निकाल लागतो त्या दुपारी कितीतरी घरांत राउटर बंद-चालू केले जातात. दोष असतो निकालाच्या सर्व्हरवरच्या गर्दीचा. वायफाय बंद करून मोबाइल डेटावर तेच पान उघडले की याचा निकाल लागतो, मात्र तो डेटा दुसऱ्या कंपनीचा हवा. त्याच कंपनीचे सिम वापरले तर फक्त घरातला भाग वगळला जातो. टॉवरपुढची वाट बहुधा तीच असते. दुसऱ्या कंपनीवरही पान येत नसेल तर इंटरनेट पुरवणाऱ्याचा काही संबंध नाही.

पुढचा प्रश्न : अडचण घरातल्या सगळ्या यंत्रांवर आहे की एकाच? एकाच यंत्रावर असेल तर आधी त्याची तारीख पाहावी. घड्याळ मागे पडलेल्या लॅपटॉपला प्रत्येक प्रमाणपत्र भविष्यातले वाटते आणि तो सुरक्षित पान उघडायलाच नकार देतो. यंत्र जुने असेल तर त्याच्या पोटातली मूळ प्रमाणपत्रे कालबाह्य झालेली असू शकतात. लेट्स एन्क्रिप्टची मोफत प्रमाणपत्रे जगभर असंख्य वेबसाइट वापरतात. ती ज्याच्या आधारावर उभी होती त्या मूळ प्रमाणपत्राची मुदत ३० सप्टेंबर २०२१ ला संपली आणि अद्ययावत न केलेल्या अनेक जुन्या संगणकांवर व आयफोनवर काही वेबसाइट त्या दिवसापासून बंद, तर काही पूर्ववत, असा प्रकार झाला. तिथे राउटर कितीही वेळा बदलला तरी उपयोग नव्हता.

सगळ्या यंत्रांवर तेच होत असेल तर लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोडावा. केबलवर सारे सुरळीत आणि वायफायवर अडचण, म्हणजे दोष घराच्या भिंतींत. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी चॅनेल तीनच आहेत, १, ६ आणि ११. चाळीत किंवा सोसायटीत ती वीस-पंचवीस राउटरांत वाटली गेलेली असतात. पाच गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात जागा जास्त, पण काँक्रीटच्या दोन भिंती पार करताना तो दमतो. वायफायबद्दल इतके पुरे, कारण तक्रार केंद्रे त्याच्याबद्दल गरजेपेक्षा जास्त बोलतात. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवण्याजोगी आहे : वायफाय वेबसाइट पाहून भेदभाव करत नाही. एक वेबसाइट दिवसाच्या कोणत्याही वेळी उघडत नाही आणि दुसरी हमखास उघडते, असे असेल तर वायफायला दोषमुक्त करून पुढे जावे.

हाच तर्क गच्चीवरच्या रिसीव्हरलाही लागू होतो. रेडिओचा सिग्नल कमजोर असेल तर सगळेच रखडते, विशेषतः संध्याकाळी, जेव्हा त्याच टॉवरच्या त्याच दिशेवर सगळी वस्ती तुटून पडते. सिग्नलची ताकद उणे आकड्यांत मोजतात. उणे ८० डीबीएमच्या आसपास उत्तम, उणे ११० च्या खाली कठीण. ताकदीइतकाच महत्त्वाचा दुसरा आकडा म्हणजे सिग्नल आणि गोंगाट यांचे गुणोत्तर. ते शून्याच्या खाली गेले की ताकद चांगली असूनही मजकुराची छोटी पाकिटे वाटेत गळू लागतात. महाराष्ट्रात पावसाळा आला की दोष पावसावर ढकलला जातो. ५जीच्या ३.३ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या पट्ट्यावर पावसाच्या थेंबांचा परिणाम नगण्य असतो. २६ गिगाहर्ट्झवर मात्र तो खरोखर जाणवतो. कोकणात जुलैमध्ये सिग्नल पडतो त्याची कारणे सहसा जमिनीवरची असतात : रिसीव्हर आणि टॉवर यांच्यामधल्या आंब्या-फणसाची भिजलेली पाने, वायरीच्या जोडात शिरलेले पाणी, टॉवरची गेलेली वीज. शहरात गच्चीवर नवी प्लास्टिकची टाकी बसते, ती पाण्याने भरते आणि नेमकी रिसीव्हरच्या समोर येते. महिन्यापूर्वी नीट चाललेली जोडणी का बिघडली हे कोणालाच कळत नाही. जोडणी दिली त्या दिवशीचे हे दोन आकडे ग्राहकाच्या खात्यात नोंदवून ठेवण्याचे बंधन कंपन्यांवर घातले तर निम्मे वाद जागच्या जागी मिटतील. आज ते आकडे तंत्रज्ञ आपल्या फोनवर पाहतो आणि निघून जातो.

इथपर्यंत सारे निर्दोष निघाले, तरी पान येत नाही, आणि दरवेळी तेच पान येत नाही. मग दोष नावांत, पाकिटाच्या आकारात, पत्त्यांत किंवा बंदीत असतो. ग्राहकाच्या डोळ्यांना या चारही गोष्टी दिसत नाहीत आणि त्यातल्या तीन पूर्णपणे कंपनीच्या हातात असतात.

नावाचा दोष ओळखायला सोपा. चक्र फार वेळ फिरत नाही. ब्राउझर लवकरच सांगून टाकतो की या नावाचा सर्व्हर सापडला नाही. नावावरून पत्ता सांगण्याचे काम डीएनएस सर्व्हर करतो आणि राउटर आपोआप कंपनीचा डीएनएस वापरतो. तो अडखळत असेल तर फोनच्या किंवा राउटरच्या सेटिंगमध्ये गुगलचा ८.८.८.८ किंवा क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ हा पत्ता घालून पाहता येतो. पहिली सेवा २००९ पासून आणि दुसरी २०१८ पासून सर्वांना मोफत खुली आहे. हा सल्ला आता इतका रुळला आहे की गल्लीतला मोबाइलवालाही तो देतो. पण वायरलेस सेवेत त्यात एक खोच आहे. काही मोबाइल नेटवर्कवर ग्राहकाच्या यंत्राला फक्त नव्या पद्धतीचा, म्हणजे आयपीव्ही ६ चा पत्ता मिळतो. जुन्या आयपीव्ही ४ वरच असलेल्या वेबसाइटपर्यंत पोचवण्यासाठी कंपनीचा डीएनएस तिला एक तात्पुरता नवा पत्ता बनवून देतो आणि कंपनीचेच यंत्र पुढे भाषांतर करते. राउटरमध्ये जुन्या पत्त्यांचे रूपांतर करण्याची स्वतःची सोय नसेल आणि ग्राहकाने डीएनएस बदलला, तर तो बनवलेला पत्ता मिळेनासा होतो आणि कालपर्यंत चालणाऱ्या जुन्या वेबसाइटही बंद पडतात. म्हणजे उपायच रोग होतो. म्हणून डीएनएस बदलून फरक पडला नाही तर तो आठवणीने मूळपदावर आणावा. आणि राउटरमध्ये डीएनएस बदलण्याची सोयच कुलूपबंद करून ठेवण्याची काही पुरवठादारांची रीत आहे, ती नियामकाने तपासायला हवी; ग्राहकाच्या घरातले यंत्र ग्राहकाला तपासता येऊ नये यात तांत्रिक असे काही नाही.

पाकिटाच्या आकाराचा दोष मात्र फसवा आहे, आणि ‘सगळे चालते, एवढेच चालत नाही’ या तक्रारीच्या मुळाशी तो वरचेवर सापडतो. इंटरनेटवरचा मजकूर छोट्या पाकिटांत कापून पाठवला जातो. एका पाकिटाचा सर्वांत मोठा आकार, ज्याला एमटीयू म्हणतात, घराच्या नेटवर्कवर १,५०० बाइट असतो. स्थानिक पुरवठादार ग्राहकाला नाव-पासवर्डाने जोडून घेण्याची पीपीपीओई पद्धत वापरत असेल तर त्यातले आठ बाइट तिच्यात जातात आणि १,४९२ उरतात. मोबाइल नेटवर्कवर कपात मोठी. टॉवरपासून कंपनीच्या केंद्रापर्यंत ग्राहकाचे प्रत्येक पाकीट दुसऱ्या पाकिटात घालून नेले जाते. त्या आवरणाचेच कमीत कमी ३६ बाइट होतात. मोबाइल नेटवर्कची मानके ठरवणाऱ्या थ्रीजीपीपी या संस्थेच्या दस्तऐवजात याचा हिशेब मांडलेला आहे : आतला मार्ग १,५०० बाइटचाच असेल तर ग्राहकाच्या यंत्राने १,३५८ चा आकार धरावा. कंपनीने आतला मार्ग रुंद ठेवला असेल तर कपातीची गरज नाही. ठेवला नसेल आणि घरातला राउटर मात्र १,५०० च जाहीर करत असेल, तर गोंधळ सुरू होतो.

तो असा. ब्राउझर सर्व्हरला जोडणीची विनंती करतो. ते पाकीट लहान, सहज जाते. सर्व्हरचे ‘मंजूर’ हे उत्तरही लहान, तेही येते. मग सर्व्हर आपले प्रमाणपत्र पाठवतो. ते काही हजार बाइटचे असते, म्हणून पूर्ण भरलेल्या १,५०० बाइटच्या पाकिटांतून निघते, आणि त्या पाकिटांवर ‘तुकडे करू नका’ अशी खूण असते. कंपनीच्या नेटवर्कमध्ये ती मावत नाहीत. तिथले यंत्र पाकीट टाकून देते आणि सर्व्हरला निरोप धाडते की लहान आकार पाठव. इंटरनेटच्या नियमांत ही सोय १९९० पासून आहे. पण कित्येक संस्थांच्या सुरक्षाभिंती अशा सगळ्याच निरोपांना संशयित समजून बाहेरच अडवतात, आणि त्यात बँका व सरकारी खाती पुढे असतात. सर्व्हरला निरोप मिळत नाही. तो तेच मोठे पाकीट पुन्हा पाठवतो, पुन्हा ते टाकले जाते. ब्राउझरच्या तळाशी ‘सुरक्षित जोडणी करत आहे’ अशी ओळ दिसते आणि मिनिट-दीड मिनिटाने पान हार मानते. अभियंते याला कृष्णविवर म्हणतात. यूट्यूब यातून सुटते, कारण ते बहुधा क्विक या नव्या पद्धतीने चालते. त्या पद्धतीत सुरुवातीची पाकिटे १,२०० बाइटच्या जवळपास ठेवलेली असतात आणि वाट मोठी आहे अशी खात्री पटल्यावरच आकार वाढतो. व्हॉट्सॲपचे निरोप मुळातच चिमुकले. अडते ते जुन्या पद्धतीने चालणारे, कडक सुरक्षाभिंतीमागचे पान. म्हणजे ग्राहकाला ज्याची सर्वांत जास्त निकड असते, तेच.

याची परीक्षा घरबसल्या होते. विंडोजच्या काळ्या खिडकीत पिंग हा आदेश देताना ‘तुकडे नकोत’ ही अट आणि पाकिटाचा आकार दोन्ही घालता येतात. पिंगच्या मजकुरावर २८ बाइटचे शीर्षक चढते, म्हणून १,४७२ चा मजकूर म्हणजे पूर्ण १,५०० चे पाकीट. १.१.१.१ या पत्त्यावर १,४७२ पाठवावे. (८.८.८.८ या कामाला नको; मोठ्या पिंगला तो पूर्ण आकाराचे उत्तर देईलच असे नाही.) उत्तर आले तर आकाराचा दोष नाही. ‘पाकिटाचे तुकडे करावे लागतील’ असा संदेश आला तर वाट अरुंद आहे, पण निदान ती बोलते आहे. काहीच न येता नुसती वेळ संपली तर ती वाट मुकी आहे आणि दुखणे तिथेच आहे. मग मजकूर १,४५२, १,४३२, १,४१२ असा उतरवत न्यायचा. समजा १,४१२ ला उत्तर येते आणि १,४१३ ला येत नाही, तर त्यात २८ मिळवून येणारा १,४४० हा त्या घरच्या वाटेचा खरा आकार. राउटरच्या सेटिंगमध्ये एमटीयूच्या जागी हा आकडा घातला आणि पान झटकन उघडले, तर आणखी पुरावा नको. राउटरमध्ये ती जागाच दिसत नसेल तर लॅपटॉपवर तात्पुरता आकार कमी करून हेच सिद्ध करता येते.

खरे तर हे ग्राहकाने करायचे कामच नाही. जोडणीच्या पहिल्या पाकिटातच ‘माझ्याकडे याहून मोठे पाठवू नका’ असा आकडा असतो आणि कंपनीचे यंत्र वाटेत तो आकडा कमी करून पुढे पाठवू शकते. चांगली चालवलेली नेटवर्के ते करतात आणि त्यांच्या ग्राहकांना एमटीयू हा शब्द आयुष्यात ऐकावा लागत नाही. जिथे करत नाहीत तिथे एका ओळीच्या बदलाने शेकडो घरांच्या तक्रारी संपतील. सेवेच्या माहितीपत्रकात वेगाबरोबर हा आकडाही छापण्याची अट घालणे प्राधिकरणाला अवघड नाही.

याच्यासारखाच दिसणारा एक नवा प्रकारही आहे. एप्रिल २०२४ मध्ये क्रोम ब्राउझरने भविष्यातल्या क्वांटम संगणकांपुढे टिकेल अशी कुलूपपद्धत आपोआप चालू केली. तिच्या किल्लीचेच हजारभर बाइट होतात, त्यामुळे ब्राउझरची पहिली विनंती एका पाकिटात मावत नाही, आणि दोन पाकिटांत आलेली विनंती काही जुन्या सर्व्हरना समजत नव्हती. पान क्रोमवर अडते आणि दुसऱ्या, जुन्या ब्राउझरवर उघडते, असे दिसले तर इंटरनेट पुरवणाऱ्याला बोल लावू नये.

आता पत्ते. आयपीव्ही ४ चे सगळे मिळून पत्ते सुमारे ४२९ कोटी आहेत आणि ते केव्हाच पुरेनासे झाले. म्हणून वायरलेस कंपन्या एकाच सार्वजनिक पत्त्यामागे अनेक घरे बसवतात. राउटरच्या माहितीच्या पानावर १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या आकड्यांनी सुरू होणारा पत्ता दिसला तर ते घर अशा सामायिक पत्त्यामागे आहे. ही पत्त्यांची रांग २०१२ मध्ये मुद्दाम याच कामासाठी राखून ठेवली गेली. एका पत्त्यावर जोडण्यांसाठी ६५,५३६ पोर्ट असतात. समजा ६४ घरे त्यात सामावली, तर प्रत्येकाच्या वाट्याला फार तर १,०२४. घरात दोन टीव्ही, चार फोन, एक कॅमेरा आणि चाळीस टॅब उघडे ठेवणारा एखादा विद्यार्थी असेल तर तेवढे पोर्ट भरतात. मग पानाचा मजकूर येतो पण चित्रे येत नाहीत, किंवा तिसऱ्या प्रयत्नाला पान उघडते. दुसरा त्रास बाहेरून होतो. शेजारच्या अनोळखी घरातला एखादा संगणक व्हायरसने बाधित झाला आणि त्याने एखाद्या वेबसाइटवर मारा केला, तर ती वेबसाइट त्या पत्त्यालाच दार बंद करते आणि त्यामागची सगळी घरे शिक्षा भोगतात. पान कोरे न राहता ‘प्रवेश नाकारला’ अशी पाटी येते किंवा चित्रातल्या मोटारसायकली ओळखायला लावणारी परीक्षा पुन्हा पुन्हा समोर येते, तेव्हा दोष बहुधा इथे असतो.

आयपीव्ही ६ चा दोष उलट्या बाजूने येतो. वेबसाइटने नवा पत्ता जाहीर केलेला असतो, पण त्या पत्त्यावर तिचा सर्व्हर धड चालत नाही, किंवा कंपनीची नवी वाट कुठेतरी तुटलेली असते. ब्राउझर दोन्ही पत्ते जवळजवळ एकाच वेळी आजमावतात, त्यामुळे ग्राहकाला एरवी पत्ता लागत नाही. पण जोडणी होऊन नंतर अडले तर ही युक्ती चालत नाही. राउटरमध्ये आयपीव्ही ६ तात्पुरते बंद करून पाहणे हीच चाचणी. पान उघडले तर ते कंपनीला कळवावे आणि आयपीव्ही ६ पुन्हा चालू करावे. ते कायमचे बंद ठेवले तर सगळा भार पुन्हा त्या सामायिक जुन्या पत्त्यावर पडतो.

इथे ‘राउटर बंद करून चालू करा’ या प्रसिद्ध वाक्याला न्याय द्यायला हवा. ते मूर्खपणाचे नाही. राउटर उठला की जोडण्यांची तुंबलेली यादी रिकामी होते, रिसीव्हर टॉवरशी नव्याने हात मिळवतो, बहुधा वेगळा सार्वजनिक पत्ताही मिळतो. म्हणूनच पान उघडते. पण त्याच क्षणी पुरावाही पुसला जातो. कोणता पत्ता होता, किती जोडण्या भरल्या होत्या, सिग्नल किती होता, यातले काहीच उरत नाही, आणि दोन दिवसांनी तेच पुन्हा. आधी राउटरच्या माहितीच्या पानाचा फोटो काढायला सांगावे आणि मग बंद करायला, एवढा क्रम तक्रार केंद्रांनी पाळला तरी निदानाला आधार मिळेल.

शेवटचे कारण तांत्रिक नसून सरकारी आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खाली केंद्र सरकार वेबसाइट बंद करण्याचे आदेश देते. न्यायालयेही, विशेषतः चोरट्या चित्रपटांच्या बाबतीत, असे आदेश देतात. ६९अ चे आदेश २००९ च्या नियमांनुसार गोपनीय राहतात. कंपन्या ते अमलात आणतात ते कधी डीएनएसमध्ये खोटे उत्तर देऊन, तर कधी जोडणीतले नाव वाचून ती तोडून. ग्राहकाला दिसते ती फक्त ‘जोडणी तुटली’ ही ओळ. २०२२ मध्ये व्हीएलसी या मोफत व्हिडिओ प्लेअरची अधिकृत वेबसाइट भारतातल्या अनेक नेटवर्कवर महिनोन्महिने उघडत नव्हती. नोव्हेंबरमध्ये बंदी उठली. मधल्या काळात आपलेच इंटरनेट बिघडले आहे असे समजून राउटरशी झटापट करणारे थोडे नसतील. बंदी असावी की नसावी हा या पत्राचा विषय नाही. बंदी असलेल्या पानाच्या जागी ‘हे पान आदेशानुसार बंद आहे’ एवढे वाक्य दिसावे. ज्या पद्धतीत ते दाखवता येत नाही तिथे निदान तक्रार केंद्राला तरी ते सांगता यावे. बिघाड आणि बंदी यांतला फरक ग्राहकाला कळू न देणे हे सेवेच्या गुणवत्तेतच मोडते.

गुणवत्तेची मोजणी हाच मग मुद्दा उरतो. ट्रायने २०१६ मध्ये मायस्पीड ॲप आणले. ब्रॉडबँडची व्याख्या जानेवारी २०२३ मध्ये ५१२ केबीपीएसवरून दोन एमबीपीएसवर गेली. २ ऑगस्ट २०२४ ला अधिसूचित झालेल्या आणि १ ऑक्टोबरपासून लागू झालेल्या गुणवत्ता विनियमांनी तीन जुने विनियम एकत्र केले. त्यांत पाकिटांचा विलंब आणि गळती यांचेही निकष आहेत. हे स्वागतार्ह आहे. पण वेग मोजणारे ॲप सहसा जवळचा सर्व्हर निवडते, बहुधा त्याच कंपनीच्या नेटवर्कमधला किंवा त्याच्या दारातला. त्या चाचणीत सामायिक पत्त्यावरची गर्दी, मुकी वाट, तुटलेला आयपीव्ही ६ यांतले काहीच उघडे पडत नाही. विलंबाची सरासरी चांगली असूनही बँकेचे पान न उघडणे पूर्णपणे शक्य आहे. मोजणीत पंचवीस-तीस ठरावीक पाने असावीत, ती कंपनीच्या नेटवर्कबाहेरच्या सर्व्हरवर असावीत, त्यांतली काही केवळ आयपीव्ही ४ वर आणि काही जुन्या जोडणीपद्धतीने चालणारी असावीत. शंभरपैकी किती वेळा पान पूर्ण उघडले हा आकडा वेगाच्या आकड्याशेजारी प्रसिद्ध व्हावा. दोन कंपन्यांतला खरा फरक तिथे दिसेल.

आणि तक्रारीच्या नोंदीत ‘ठरावीक वेबसाइट उघडत नाही’ हा स्वतंत्र प्रकार असावा. त्याखाली भरायची माहिती एका परिच्छेदात मावते. तोवर ग्राहकांनीही तक्रार याच शब्दांत द्यावी : “वेबसाइटचे नाव अमुक. दुसऱ्या कंपनीच्या मोबाइल डेटावर उघडते, या जोडणीवर घरातल्या कोणत्याच यंत्रावर उघडत नाही. लॅन केबलनेही नाही. ब्राउझर ‘सुरक्षित जोडणी’च्या टप्प्यावर थांबतो. डीएनएस बदलून फरक नाही. १,४७२ बाइटच्या पिंगला उत्तर नाही, १,४१२ ला आहे. राउटरवरचा पत्ता १००.६४ ने सुरू होतो. वेळ रात्री ९.१०. वेगाची तक्रार नाही.” शेवटचे वाक्य वगळू नये, नाहीतर वेग मोजायला माणूस येतो.

तक्रारीचा क्रमांक मिळणे हा ग्राहकाचा हक्क आहे. ट्राय एकेकट्या ग्राहकाच्या तक्रारी स्वतः सोडवत नाही. २०१२ च्या तक्रार निवारण विनियमांनी त्यासाठी कंपनीतच दोन पायऱ्या ठेवल्या आहेत, आधी तक्रार केंद्र आणि मग अपील प्राधिकरण. तक्रार न सुटता मिटवली गेली तर मुदत उलटल्यापासून ३० दिवसांच्या आत अपील करता येते, त्याला शुल्क नाही, आणि त्याचा निर्णय ३९ दिवसांत द्यावा लागतो. अपिलात वरचा परिच्छेद जसाच्या तसा जोडावा आणि उत्तरात कोणत्या टप्प्यावर दोष सापडला हे लेखी मागावे.

कळावे,
एक ग्राहक